भरतीच्या वेळेचं कोर्ट

नाना शिगवण गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. करंजखोलच्या बाजूचे सगळे निरोप त्याच्याच तोंडून येतात. आंब्याच्या पेट्या पाठवल्या इथपासून ते म्हैस व्याली इथपर्यंत. त्या सकाळी तिकिटांची पेटी बगलेत मारून तो थेट माझ्या ओटीवर आला आणि म्हणाला, "नाना गेले. काल तिन्हीसांजेला." मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी आणखी खाली बसल्यासारखं झालं. आणि मग, माणसाच्या तोंडून अशा वेळी जे निघू नये, नेमकं तेच माझ्या तोंडून निघालं... "अरे, मग उद्याच्या तारखांचं काय?" कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला. वकील लोकांविषयी त्याचं जे मत होतं ते पक्कं झालं असावं. पण निरोपाचा दुसरा अर्धा भाग त्याच्याकडं होताच. "कोर्ट हाय उद्या. वहिनींनी सांगून पाठवलंय. सुतक घराला हाय, कोर्टाला नाय."

तो गेला आणि मला रडू यायच्या आधी हसू आलं. नाना असते तर हेच म्हणाले असते. बायकोच्या तोंडून म्हणाले, एवढंच.

ज्यांना करंजखोल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे गाव आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. अलीकडून जायचं तर तरीनं, म्हणजे वल्ह्यांच्या होडीनं, आणि ती चालते भरतीच्या पाण्यावर. ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो. रस्त्यानं जायचं तर खेडवरून एवढा वळसा पडतो की तेवढ्यात माणूस मुंबईला पोचेल. वर शेतकरी कुणब्यांच्या वाड्या, खाली किनाऱ्याला मच्छीमारांची वाडी, आणि प्रत्येक वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला. नानांची वर नाचणीपुरती वरकस जमीन होती, थोडी आंब्याची कलमं होती आणि एक भाताची गिरणी होती. गिरणीच्या आवाजामुळं त्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. कानात सांगायची गोष्टसुद्धा ते खाडीपलीकडं ऐकू जाईल अशी सांगत.

माझी नि त्यांची ओळख पक्षकार नि वकील अशी. त्यांच्यावर त्यांच्या चुलतभावानं, धोंडूनं, दावा लावलेला होता. दोघांच्या कलमांच्या मधे गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची हद्दीची भिंत. धोंडू मुंबईला गोदीत कामाला. त्याचं म्हणणं, मी नसताना गडगा माझ्या बाजूला सरकवला आणि माझा फणस नानाच्या हद्दीत गेला. नानांचं म्हणणं, गडगा माझ्या बापानं बांधला तिथंच आहे. दावा तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडून होता. धोंडूला रजा मिळे तेव्हा तारीख नसे, तारीख असे तेव्हा रजा नसे. एकदा तर त्याच्या गैरहजेरीत दावा काढूनच टाकला होता, मग मिनतवाऱ्या करून परत नंबरावर आला. मी नव्या कोटातला नवा वकील. मी नानांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की समोरच्याची गैरहजेरी हाच आपला सगळ्यात भक्कम साक्षीदार. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. दोन-तीन पक्षकारांना मी ते ऐकवलंही होतं.

नानांना ते आवडलं नव्हतं. एकदा तारखेला ते आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. तरीची वेळ चुकली म्हणून ओहोटीच्या चिखलातून चालत आले होते आणि तोवर पुकारा होऊन पुढची तारीख पडली होती. माझ्या ओटीवर पाय धुता धुता म्हणाले, "हे कोर्ट कोणाचं हो, वकील?" मी म्हटलं, सरकारचं. "मग सरकार भरती-ओहोटी बघत नाय काय?" मी हसलो. ते हसले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी गावसभेत ठराव करून घेतला आणि जिल्ह्याला अर्ज धाडला... न्यायाधीशसाहेबांनी महिन्यातून काही दिवस करंजखोलला येऊन बसावं. जागा आम्ही देऊ, शिस्त आम्ही राखू. अर्जाचा मसुदा मी लिहिला होता. नानांनी तो वाचून घेतला आणि खाली एक वाक्य स्वतः सांगितलं. "निकाल साहेबांचा. वेळ आमची, जागा आमची आणि पुकारा आमचा." मी म्हटलं, असं लिहिलंत तर अर्ज टोपलीत जाईल. नाना म्हणाले, जाऊ दे की, पण लिहा.

टोपलीत गेला नाही. वर कोणी रसिक बसला असावा. चाचणी म्हणून पुढच्या आंब्याच्या मोसमापर्यंत परवानगी आली. एक तक्रार जरी आली तरी बंद, अशी अट. गावानं शाळेमागची जुनी खोली शेणानं सारवून दिली. प्रत्येक वाडीतून एक अशी कमिटी नेमली. कुठला दावा कधी घ्यायचा, लावणीच्या दिवसांत कुणाला बोलवायचं नाही, मुंबईकराला कधी रजा असते, हे कमिटीनं ठरवायचं आणि साहेबांनी पाहून सही करायची. नाना प्रमुख. मच्छीमारवाडीतून सुभद्राकाकी. ती हर्णैच्या मासळीच्या लिलावात उभं राहून भल्याभल्यांना गप्प करून आलेली बाई. आणि पहिल्या बैठकीची वेळ ठरवायचं काम, शिकलेला माणूस म्हणून, माझ्याकडं दिलं.

आता भरती काढायचा हिशोब किनाऱ्यावर कुणालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मीही केली. बरोबर निघाली. ऐन भरती अकराला, म्हणून कोर्ट अकराला. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की आदल्या दिवशी बायकोला सगळा गुणाकार करून दाखवला. लोकांना यायला पाणी लागतं हे मला समजलं होतं. त्यांना परतही जायचं असतं आणि त्यालाही पाणीच लागतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर पाणी चढत असताना यायचं आणि पुरतं उतरायच्या आत निघायचं, असं कोर्ट धरायला हवं होतं. मी सगळ्यांना ऐन भरतीला बसवून ठेवलं. साहेब, शिरस्तेदार, बेलिफ, मी आणि अलीकडचे पक्षकार, असे आम्ही संध्याकाळी तरीत चढलो आणि चार वल्ह्यांत ती चिखलात रुतून बसली.

त्या तरीत एकाच दाव्यातले वादी आणि प्रतिवादी मांडीला मांडी लावून बसले होते. समेट वगैरे काही झाला नाही, उलट होडी कुणाच्या वजनानं रुतली यावर नवा दावा उभा राहायची वेळ आली. मी पुरुषार्थ दाखवायला ढकलायला उतरलो. उजवा पाय वर आला, डावा आला, डाव्या पायातला बूट आला नाही. तो अजून तिथंच आहे. त्या दिवसापासून करंजखोलमधे माझं नाव 'एकबूट वकील'. परवा मुलीचं स्थळ बघायला गेलो तिथंही एकानं मला त्या नावानं ओळखलं.

पुन्हा पाणी चढेपर्यंत साहेब गावात अडकले. साहेब देशावरचे, सोलापूरकडचे, भिडस्त गृहस्थ. त्यांचा डबा दुपारीच संपलेला. आता प्रश्न असा पडला की साहेबांनी जेवायचं कुणाकडं? गावात असं घर नव्हतं की ज्याचा दावा नाही, किंवा ज्याच्या सोयऱ्याचा नाही. नानांनी आपल्या घरी चला म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. साहेब म्हणाले, मला भूक नाही. ते खोटं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. मला अट आठवली... एका जेवणापायी कोर्ट जायचं. तेव्हा सुभद्राकाकी म्हणाली, "त्यात काय मोठं? साहेबांनी कुनाच्याच घरचं खायचं नाय. म्हंजे मग सगल्यांच्या घरचं खायचं." आणि वाडीवाडीतून प्रत्येक घरचा मूठभर तांदूळ शाळेच्या पातेल्यात गोळा झाला. कुळीथ तसाच. धोंडूच्या घरूनही आला, त्याच्या बायकोनं आणून टाकला. लाल, पांढरा, जाड, बारीक असा सगळा तांदूळ एकत्र. तो भात काही ठिकाणी कच्चा होता आणि काही ठिकाणी लगदा. साहेबांनी दोनदा वाढून घेतला आणि देवळाच्या पेटीत काहीतरी टाकलं. जाताना नानांना म्हणाले, "पुढच्या वेळी वेळ तुम्ही ठरवा. वकिलांना ठरवू देऊ नका." तेव्हापासून साहेब आले की त्या दिवशी भात तसाच शिजतो. त्याला गावात 'कोर्टाचा भात' म्हणतात. साहेब बदलले, भात बदलला नाही.

पावसाळाभर कोर्ट चाललं. लावणीत कमिटीनं कुणाला बोलावलं नाही, होड्या बंद असताना मच्छीमारांचे दावे घेतले. पुकारा नाना स्वतः करीत, आणि त्यांचा आवाज माहीत असल्यामुळं 'मला ऐकू आलं नाही' ही सबब माझ्यासारख्यांच्या हातून कायमची गेली. मग गणपतीच्या तोंडावर धोंडूचा अर्ज जिल्ह्याला गेला. कमिटीचा प्रमुख स्वतः पक्षकार आहे, माझी तारीख त्याच्या हातात आहे, मला न्याय मिळणार नाही. त्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याची प्रत नानांकडं आली, नाना ती घेऊन माझ्याकडं आले, आणि मी त्यांना वकिलाचा सल्ला दिला. मी सांगितलं की काही करू नका. कोर्ट बंद पडलं तर पडू दे. दावा परत तालुक्याला जाईल, धोंडूला रजा मिळणार नाही, आणि गडगा आहे तिथंच राहील. कायद्याच्या दृष्टीनं सल्ला चोख होता. नानांनी प्रत घडी करून खिशात घातली आणि तरीची वेळ झाली म्हणून ते उठले.

गौरी-गणपती पोचवून झाल्यावर देवळाच्या मंडपात गावसभा बसली. सगळे मुंबईकर गावात होते, धोंडूही. गाव सरळ दोन बाजूंना बसलेलं. एक बाजू म्हणत होती धोंडूनं गावाचं कोर्ट घालवलं, दुसरी म्हणत होती नानानं ते आपल्यासाठीच आणलं होतं. सुभद्राकाकी दोन्ही बाजूंवर ओरडत होती. नाना उभे राहिले. मला वाटलं, आता हे राजीनामा देणार आणि भाषण करणार. त्यांनी धोंडूकडं बघितलं.

"धोंड्या, तुझ्या दाव्याची तारीख तू सांग. दिवस तू सांग, वेळ तू सांग. त्या दिवशी मी कमिटीत नाय. पुकारा पण काकी करील."

धोंडूला यात काहीतरी डाव दिसत असावा, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसत होता. मग तो म्हणाला, "आनि भरती?"

"भरती तेवढी देवाकडं माग."

लोक हसले. धोंडू हसला नाही, पण त्यानं बोटं मोजून रजा कधीपर्यंत आहे ते बघितलं आणि परवाचा दिवस सांगितला. काकीनं लगेच सभेसमोर विचारलं की हे फक्त शिगवणांच्या घरापुरतं का? मग तिथंच ठरलं, कुणाचाही दावा असो, तारीख ठरवताना समोरच्याला आधी विचारायचं. दावा लावणाऱ्याला नंतर. आणि कमिटीतल्या माणसाचा दावा निघाला तर त्या दिवसापुरतं त्यानं उठून लोकांत बसायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. दुसऱ्या दिवशी सहीला गेलो तेव्हा साहेबांनी तारीख बघितली, नियम ऐकला, थोडा विचार केला आणि म्हणाले, याला माझी हरकत नाही.

परवाच्या दिवशी काकीनं पुकारा केला. धोंडूनं आयुष्यात पहिल्यांदा आपली साक्ष दिली, ती पुरी, कुणी न तोडता. मी उलटतपासणीला उभा राहिलो आणि दहा प्रश्न विचारले. त्यातल्या नवांची उत्तरं माझ्याच विरोधात गेली. दहावा मी आवरता घेतला. मग साहेब म्हणाले, जागा इथंच आहे तर बघूनच येऊ. तालुक्याला असते तर कमिशनर नेमायला, नकाशा व्हायला पुढचा गणपती आला असता. इथं आम्ही चालत गेलो, मागं अर्धा गाव. धोंडूनं फणसाच्या पलीकडची करवंदीची जाळी कोयत्यानं तोडली, पालापाचोळा बाजूला केला, आणि खाली जुन्या गडग्याचा तळचा थर निघाला. शेवाळलेले, मातीत रुतलेले चिरे, एका रेषेत... फणस त्या रेषेच्या धोंडूच्या बाजूला. नाना वाकले, एका चिऱ्यावरची माती हातानं पुसली आणि हळू म्हणाले, "बाबांनी मला हे सांगितलं नव्हतं." त्यांचा आवाज एवढा खाली आलेला गावानं कधी ऐकला नव्हता.

निकाल धोंडूच्या बाजूनं लागला. मी रीतीप्रमाणं म्हटलं, अपील करू. नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "कशाला? तालुक्याला जिंकलो असतो तर का जिंकलो ते मला कळलं नसतं. इथं हरलो, पन का हरलो ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. हे कोर्ट चांगलं चालतंय, वकील." मी माझ्या फीचा विषय काढायचा असं ठरवून आलो होतो. तो मी त्या दिवशी काढला नाही. नानांनी त्या बदल्यात मला बुटांचा नवा जोड घेऊन दिला. आता दोन्ही पायांत घालून जा, म्हणाले.

वरच्या साहेबांनी त्या हिवाळ्यात येऊन पाहणी केली. धोंडूची रजा नव्हती, पण त्यानं मुंबईहून पत्र धाडलं की अर्ज मागं घेतो. चाचणीची मुदत वाढली, आणि आजपर्यंत वाढतच आहे. कायमचं काही अजून कागदावर नाही. पण शेजारच्या दोन गावांची माणसं येऊन नियम विचारून गेली. त्यांना समजावून सांगायला कमिटीनं मला बसवलं होतं, आणि भरतीचा भाग सोडून सगळं सांगू दिलं होतं.

आणि कोर्टाबाहेरच्या कट्ट्याचं सांगायचं राहिलंच. शिमग्याला धोंडू आला तेव्हा नानांनी वरचा गडगा स्वतः उतरवायला घेतला होता. धोंडू दुसऱ्या टोकाकडून लागला. दोघं एकमेकांशी बोलत होते की नाही, ठाऊक नाही. वहिनी म्हणत, नुसते दगडांशी बोलत होते. जुन्या रेषेवर लागले तेवढे चिरे घातले, आणि उरलेले नानांनी बैलगाडीत भरून शाळेमागं आणले. कोर्टाच्या दाराबाहेर लोक तोपर्यंत उभेच राहत. तिथं खाडीकडं तोंड करून एक लांब कट्टा झाला. एकच. साहेबांनी सुचवून पाहिलं की दोन करा, वादीचा एक आणि प्रतिवादीचा एक. नानांनी ऐकलं नाही. पुकारा करून झाला की ते कट्ट्याच्या उजव्या टोकाला बसत. कुणी पक्षकार आला आणि समोरचा बसलेला बघून उभाच राहिला की नाना त्या समोरच्याला म्हणत, "सर जरा, जागा हाय." सरावंच लागे. एवढ्या आवाजात सांगितल्यावर कोण न सरेल?

जायच्या आधी महिनाभर नाना अंथरुणाला होते. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज पार बारीक झालेला. मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे. यंदा शिमग्याला मुंबईची माणसं जास्त आहेत. ज्यांची रजा कमी, त्यांचे दावे आधी घ्या." मी हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, दोन्ही बूट आहेत याची खात्री केली, आणि डोळे मिटून हसले. ते त्यांचं मी पाहिलेलं शेवटचं हसू.

कंडक्टरनं निरोप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चढत्या पाण्यावर तरीनं गेलो. वेळ काकीनं काढलेली होती, त्यामुळं निर्धास्त होतो. वहिनींना भेटलो, मग शाळेमागं गेलो. कोर्ट भरलेलं होतं. कट्टा माणसांनी गच्च, पण उजव्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी. तिथं कुणी बसत नव्हतं. सांगितलं कुणी नव्हतं, पण बसत नव्हतं. एवढ्यात खाडी ओलांडून आलेली एक बाई पोर कडेवर घेऊन चढ चढून वर आली, धापा टाकत. तिचा दीर कट्ट्यावर बसलेला होता, दावा त्याच्याशीच. तिनं त्याला बघितलं, ती मोकळी जागा बघितली, आणि उभीच राहिली. सगळे खाडीकडं बघायला लागले. मीही.

धोंडू आता पेन्शनीत निघून गावीच असतो. तो दिराच्या शेजारीच, मोकळ्या जागेला लागून बसला होता. त्यानं त्या जागेवर एकदा हात फिरवला, जसा ओळखीच्या दगडावर फिरवतात तसा, आणि उजवीकडं सरकून नानांच्या जागेवर बसला. मग दिराला म्हणाला, "सर जरा. जागा हाय."

दीर सरला. बाई बसली. आत काकीनं पुकारा केला.